नेत्याचा शब्द आणि न्यायाधीशाची निवड

ऑक्टोबर २००५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची आपल्याच पक्षातल्या माणसांची समजूत काढताना दमछाक झाली. ३ तारखेला त्यांनी हॅरिएट मायर्स यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत त्यांचा सगळा युक्तिवाद एकाच गोष्टीवर येऊन थांबत होता: मी यांना ओळखतो. इतकी वर्षं जवळून पाहिलं आहे, की आणखी वीस वर्षांनीही त्या आज आहेत तशाच असतील, त्यांची विचारसरणी बदलणार नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. तुम्हाला त्यांच्याविषयी फारसं ठाऊक नसेल, पण मला आहे. माझ्या शब्दावर भरवसा ठेवा, एवढाच त्याचा अर्थ होता.

असा भरवसा ठेवावा का, हा प्रश्न मायर्स यांच्याबरोबर जन्मला नाही आणि त्यांच्याबरोबर संपलाही नाही. अमेरिकेत तो दोनशेहून अधिक वर्षं चालत आला आहे, आणि आपल्याकडे तो वेगळ्या रूपात रोज समोर असतो. या सगळ्या इतिहासावरून नजर फिरवल्यावर माझं मत असं बनलं आहे की नेत्याला आपल्या उमेदवाराविषयी जे सगळ्यात पक्कं ठाऊक असतं, ते न्यायासनावर सगळ्यात कमी कामाचं असतं. हा माणूस आपल्याशी कसा वागतो, हे नेत्याला ठाऊक असतं. उद्या आपल्याच विरोधातली याचिका पुढ्यात आली तर तो काय करील, हे त्याला ठाऊक नसतं, आणि ते त्याने आधी ठरवून घेऊही नये.

मायर्स प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात हा प्रश्न जवळपास निव्वळ स्वरूपात पुढे आला. सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी १ जुलै २००५ रोजी निवृत्ती जाहीर केली होती. गर्भपातापासून आरक्षणसदृश धोरणांपर्यंत अनेक खटल्यांत त्यांचं एक मत पारडं फिरवत असे, त्यामुळे त्यांची जागा साधी जागा नव्हती. बुश यांनी आधी तिथे जॉन रॉबर्ट्स यांना नेमायचं ठरवलं. पण सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश रेनक्विस्ट वारले आणि रॉबर्ट्स यांचं नाव त्या पदासाठी पुढे गेलं. सिनेटने त्यांना ७८ विरुद्ध २२ मतांनी मान्यता दिली. ओकॉनर यांची जागा पुन्हा मोकळी राहिली आणि तिथे बुश यांनी व्हाइट हाउसच्या कायदेविषयक सल्लागार मायर्स यांना आणलं.

मायर्स कर्तबगार नव्हत्या असं कुणी म्हणू नये. डॅलसच्या वकील संघटनेच्या आणि पुढे संपूर्ण टेक्सासच्या वकील संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. डॅलस नगर परिषदेत निवडून आलेल्या, राज्याच्या लॉटरी आयोगाच्या अध्यक्ष राहिलेल्या, मोठी वकिली फर्म चालवलेल्या. त्यांच्यावर झालेली काही टीका अन्यायाची होती. हार्वर्ड-येलऐवजी त्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात शिकल्या, यावरून नाकं मुरडणाऱ्यांमध्ये त्यांच्याच पक्षाचे विद्वान होते. त्या कधी न्यायाधीश नव्हत्या हा आक्षेपही तकलादू होता. जॉन मार्शल, ब्रँडाइस, फ्रँकफर्टर, लुइस पॉवेल, खुद्द रेनक्विस्ट, यांच्यापैकी कुणीही सर्वोच्च न्यायालयात येण्यापूर्वी न्यायाधीशपद भूषवलं नव्हतं.

खरी अडचण अशी, की राज्यघटनेच्या मोठ्या प्रश्नांवर मायर्स यांनी काय विचार केला आहे, हे बाहेरच्या कुणालाही तपासता येत नव्हतं. तसं लेखन नाही, तसे युक्तिवाद नाहीत, तशी भाषणं नाहीत. २००१ नंतरचं त्यांचं बहुतेक काम बुश यांच्या टेबलापर्यंत जाणारे कागद तपासण्याचं आणि त्यांना सल्ला देण्याचं, म्हणजे गोपनीय. टेक्सासच्या दिवसांत तर त्या बुश यांच्या खासगी वकील होत्या. त्यामुळे साक्षीदार एकच उरला, आणि तो म्हणजे त्यांना नेमणारा माणूस.

स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी दोनच दिवसांत लिहिलं, की राज्यघटनेचा अर्थ लावण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींचं मूल्यमापन करण्याचा कल किंवा कुवत अध्यक्षांकडे नाही, मग या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे मान का तुकवावी? १९८७ मध्ये ज्यांचं नामांकन सिनेटने फेटाळलं होतं त्या रॉबर्ट बोर्क यांनीही मायर्स यांच्या निवडीवर कडाडून टीका केली. दुसऱ्या बाजूला धर्मनिष्ठ मतदारांच्या पुढाऱ्यांना खासगीत दिलासा दिला जात होता. त्या कोणत्या चर्चमध्ये जातात, त्यांची श्रद्धा किती पक्की आहे, हे सांगितलं जात होतं. जेम्स डॉबसन या प्रभावी पुढाऱ्याने तर आपल्याला आतली माहिती मिळाली असल्याचं जाहीरपणे सूचित केलं. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश कसा असेल याची ग्वाही काही निवडक लोकांना कानात द्यायची आणि बाकीच्या देशाला विश्वास ठेवा म्हणून सांगायचं, ही सार्वजनिक पदाची चेष्टा आहे. ज्या गोष्टीच्या बळावर एखाद्याला नेमायचं, ती चारचौघांत मांडता येत नसेल तर ते नेमण्याचं कारणच होऊ शकत नाही.

पुढे सिनेटच्या न्यायविषयक समितीने मायर्स यांना प्रश्नावली दिली. तिची उत्तरं इतकी तोकडी निघाली, की समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष आर्लेन स्पेक्टर आणि डेमोक्रॅट पॅट्रिक लेही या दोघांनी मिळून ती पुन्हा भरून मागितली. स्तंभलेखक चार्ल्स क्राउटहॅमर यांनी माघारीची वाटही सुचवून ठेवली होती: सिनेटर व्हाइट हाउसची कागदपत्रं मागतील, अध्यक्ष ती देणार नाहीत, आणि या तत्त्वाच्या पेचावर उमेदवाराने सन्मानाने बाजूला व्हावं. २७ ऑक्टोबरला जवळपास याच कारणाने मायर्स यांनी नाव मागे घेतलं. चार दिवसांत सॅम्युएल अलिटो यांचं नाव आलं. पंधरा वर्षं अपील न्यायालयात बसून लिहिलेली त्यांची निकालपत्रं सगळ्यांसमोर होती. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणारं निकालपत्र त्यांनीच लिहिलं. तो निकाल मला पटत नाही. पण अलिटो काय विचार करतात याबद्दल सिनेटला किंवा देशाला अंधारात ठेवलं गेलं, असं मी म्हणू शकत नाही.

अमेरिकेच्या घटनाकारांनी हा धोका ओळखला होता. राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात अध्यक्षाने नाव सुचवायचं आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करायची अशी विभागणी आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये फेडरलिस्ट लेखमालेतल्या ७६व्या लेखात तिचं कारण दिलं. निवडीची जबाबदारी एकाच माणसावर असली तर तो ती मन लावून पार पाडेल, असं त्यांना वाटत होतं. पण नाव सिनेटपुढे जाणार आहे या जाणिवेमुळे केवळ आपल्या राज्याचा, आपल्या नात्यागोत्यातला किंवा आपल्या मर्जीपुढे झुकणारा म्हणून एखाद्याला पुढे करायची अध्यक्षाला लाज वाटेल आणि भीतीही वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्याच अध्यक्षाला याचा प्रत्यय आला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या शब्दाला त्या देशात केवढं वजन होतं! तरीही १७९५ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशपदासाठी सुचवलेले जॉन रटलेज सिनेटने १४ विरुद्ध १० मतांनी नाकारले.

मित्राला न्यायासनावर बसवण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे एब फोर्टस. आणि इथे एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी: फोर्टस अव्वल दर्जाचे वकील होते. गरीब आरोपीलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हा १९६३ चा गिडियन खटल्यातला निकाल त्यांच्या युक्तिवादावर उभा आहे. पण लिंडन जॉन्सन यांच्याशी त्यांचं नातं त्याहून जुनं होतं. १९४८ मध्ये टेक्सासच्या सिनेट उमेदवारीची प्राथमिक निवडणूक जॉन्सन यांनी अवघ्या ८७ मतांनी जिंकली, तेव्हा कोर्टाच्या मनाई हुकुमातून त्यांना सोडवणारे वकील फोर्टस होते. १९६५ मध्ये अध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांनी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांना संयुक्त राष्ट्रांत जाण्यासाठी राजी केलं आणि मोकळ्या झालेल्या जागी फोर्टस यांना, त्यांची स्वतःची फारशी इच्छा नसताना, बसवलं.

झगा चढवल्यावरही फोर्टस अध्यक्षांचे सल्लागार राहिले. व्हिएतनामच्या बैठकांना ते हजर असत, भाषणांच्या मसुद्यांवर हात फिरवत. १९६८ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना सरन्यायाधीश करायचं ठरवलं तेव्हा सुनावणीत हे सगळं बाहेर आलं. शिवाय एका विद्यापीठातल्या व्याख्यानमालेसाठी त्यांना मिळालेले १५,००० डॉलर त्यांच्या जुन्या भागीदाराने श्रीमंत मंडळींकडून गोळा केले होते, हेही उघड झालं. सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घेण्याइतका पाठिंबा मिळाला नाही आणि नामांकन मागे घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी एका अडचणीत सापडलेल्या उद्योगपतीच्या संस्थेकडून घेतलेल्या आणि नंतर परत केलेल्या २०,००० डॉलरचं प्रकरण छापून आलं आणि मे १९६९ मध्ये फोर्टस यांनी राजीनामा दिला. त्याच काळात त्यांनी अल्पवयीन आरोपींच्या आणि शाळकरी मुलांच्या हक्कांची जी निकालपत्रं लिहिली, ती आजही शिकवली जातात. बुद्धिमत्तेत काही उणं नव्हतं. एका माणसापासून अंतर राखणं तेवढं जमलं नाही, आणि तो माणूस देशाचा अध्यक्ष होता.

आता दुसरी बाजू. नेत्याने विश्वासाने नेमलेल्या न्यायाधीशाने नेत्याच्याच विरोधात निकाल दिला, अशी उदाहरणं इतकी आहेत की त्यांना अपवाद म्हणणं कठीण आहे. लिंकन यांचे अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सोन्याचं पाठबळ नसलेल्या नोटा कायदेशीर चलन ठरल्या. १८६४ मध्ये लिंकन यांनी चेसना सरन्यायाधीश केलं. एखाद्याला तू पुढे काय निकाल देशील असं विचारता येत नाही, आणि त्याने उत्तर दिलंच तर तोच आपल्या मनातून उतरेल, म्हणून ज्याची मतं आधीच जाहीर आहेत असा माणूस घ्यावा, असं लिंकन म्हणाल्याचं त्यांच्या एका सहकाऱ्याने नोंदवून ठेवलं आहे. चेस यांची नोटांविषयीची मतं याहून जाहीर काय असणार! तरी १८७० मध्ये त्याच चेस यांनी सरन्यायाधीश म्हणून त्याच नोटांची सक्ती जुन्या कर्जांपुरती घटनाबाह्य ठरवली. दोन नवे न्यायाधीश आल्यावर पुढच्या वर्षी तो निकाल उलटला, ती गोष्ट वेगळी.

थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांना नेमण्यापूर्वी आपले मित्र सिनेटर लॉज यांना पत्र लिहून हा माणूस आपल्या विचारांचा आहे ना याची खातरजमा करून घेतली. दोन वर्षांत, रेल्वे कंपन्यांची मक्तेदारी मोडण्याच्या रूझवेल्ट यांच्या आवडत्या खटल्यात, होम्स यांनी सरकारच्या विरोधात मत दिलं. ट्रुमन यांनी १९५२ मध्ये पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा न्यायालयाने ते ६ विरुद्ध ३ मतांनी रोखलं. त्या सहांमध्ये ट्रुमन यांनीच नेमलेले टॉम क्लार्क आणि हॅरल्ड बर्टन होते. आयझेनहॉवर यांनी अर्ल वॉरन आणि विल्यम ब्रेनन यांना आणलं आणि त्या दोघांनी अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत उदारमतवादी न्यायालयाला आकार दिला. निक्सन यांनी नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांनीच जुलै १९७४ मध्ये वॉटरगेटच्या ध्वनिफिती हवाली करण्याचा एकमुखी आदेश लिहिला. निक्सन यांनी नेमलेले आणखी दोन न्यायाधीश त्यात सामील होते. पंधरवड्यात निक्सन यांना पद सोडावं लागलं.

रिपब्लिकन कार्यकर्त्यांना मात्र खरा चटका बसला तो डेव्हिड सूटर यांच्यामुळे. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी न्यू हॅम्पशायरच्या या अबोल, पुस्तकांत रमणाऱ्या न्यायाधीशाची निवड केली. व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू त्याच राज्याचे माजी गव्हर्नर. त्यांनी पक्षाच्या मंडळींना हा आपलाच माणूस आहे अशी हमी दिली. सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी मान्यता दिली. दोनच वर्षांत सूटर यांनी ओकॉनर आणि अँथनी केनेडी यांच्यासोबत गर्भपाताच्या हक्काचा गाभा राखणारं संयुक्त मत लिहिलं. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वादात त्यांनी धाकट्या बुश यांच्या विरोधात मत दिलं. २००९ मध्ये निवृत्त झाले तेही डेमोक्रॅट अध्यक्ष असताना. 'आणखी सूटर नकोत' ही त्या पक्षात घोषणाच होऊन बसली. वडिलांच्या काळात दिलेली हमी इतकी महाग पडली होती, की पंधरा वर्षांनी मुलाने दिलेली हमी कुणी स्वीकारायला तयार नव्हतं.

या सगळ्याला पक्षाचे लोक विश्वासघात म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. चेस, होम्स, क्लार्क, बर्गर यांनी दगा कुणाला दिला? नेमणाऱ्याला निकाल देण्याचं वचन त्यांनी दिलं असतं आणि मग ते मोडलं असतं, तरी त्यातला पहिला गुन्हा वचन देण्याचा ठरला असता. आजन्म पद देण्यामागे घटनाकारांचा हेतूच हा होता, की न्यायाधीशाला उपकार फेडायला लागू नयेत. १९७४ मध्ये निक्सन यांच्या माणसांनी निक्सन यांच्याकडे बघून निकाल दिला असता तर अमेरिकेची लोकशाही आज जशी आहे त्याहून कितीतरी खिळखिळी झाली असती.

म्हणून भरवसा ठेवणाऱ्यांची आणि न ठेवणाऱ्यांची, दोघांचीही तक्रार पुष्कळदा एकाच चुकीच्या अपेक्षेतून येते: न्यायाधीश आपला असावा. २०१० मध्ये हे डाव्या बाजूला दिसलं. ओबामा यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी एलेना केगन यांचं नाव दिलं तेव्हा पत्रकार ग्लेन ग्रीनवल्ड यांनी त्यांच्या नोंदी कोऱ्या आहेत, कार्यकारी सत्तेच्या मर्यादांवर त्या काय मानतात हे कळायला मार्ग नाही, असा आक्षेप घेतला. उलट हार्वर्डचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांचं म्हणणं होतं की मी त्यांना अनेक वर्षं ओळखतो, त्या उत्तम आहेत. पाच वर्षांपूर्वीचा बुश यांचा युक्तिवाद जसाच्या तसा दुसऱ्या पक्षात आला होता, आणि मायर्स यांच्या वेळी त्याला हसलेल्या अनेकांना आता तो पुरेसा वाटत होता. खुद्द केगन यांनी १९९५ मध्ये एका लेखात लिहिलं होतं, की सिनेटच्या सुनावण्या पोकळ झाल्या आहेत आणि उमेदवाराने मोठ्या कायदेशीर प्रश्नांवर आपली भूमिका मोकळेपणाने सांगायला हवी. स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर त्यांनीही बाकीच्यांसारखीच सावध उत्तरं दिली. पुढे त्या न्यायालयातल्या सर्वांत स्वच्छ लिहिणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक ठरल्या, हे मी आनंदाने मान्य करतो. मात्र निवड चांगली निघाली म्हणून ती करण्याची रीत बरोबर होती असं होत नाही. ह्यूगो ब्लॅक यांचं उदाहरण पाहा. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या शब्दावर आणि सहकारी सिनेटर म्हणून मिळालेल्या सवलतीवर त्यांना पाच दिवसांत मान्यता मिळाली. महिन्याभरात ते पूर्वी कू क्लक्स क्लॅनचे सदस्य होते हे एका वृत्तपत्राने पुराव्यानिशी छापलं. पुढे तेच ब्लॅक शाळांमधला वर्णभेद संपवणाऱ्या न्यायपीठावर होते आणि नागरी स्वातंत्र्याचे मोठे पुरस्कर्ते म्हणून गाजले. देशाचं नशीब चांगलं होतं, म्हणून पाच दिवसांची ती घाई क्षम्य ठरत नाही.

मायर्स प्रकरणातून रिपब्लिकन पक्षाने जो धडा घेतला तो वेगळाच होता. नेत्याच्या शब्दावर नाही, तर यादीवर भरवसा. मे २०१६ मध्ये उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनी ११ नावं जाहीर केली, सप्टेंबरपर्यंत ती २१ झाली. फेडरलिस्ट सोसायटीसारख्या परंपरावादी संस्थांनी वर्षानुवर्षं पारखलेले हे लोक. या यादीचं एक श्रेय नाकारता येणार नाही: ती मतदानाआधी, उघडपणे मतदारांसमोर ठेवली होती. पण तिने भरवशाची जागा फक्त बदलली. आधी एका माणसाने ग्वाही द्यायची, आता एका मंडळाने. आणि तरीही २०२० मध्ये ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायमूर्ती गोर्सच यांनी समलिंगी आणि पारलिंगी कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारं निकालपत्र लिहिलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निवडणुकीचा निकाल फिरवू पाहणारी टेक्सासची याचिका न्यायालयाने ऐकूनही घेतली नाही.

ट्रम्प यांना हे पटलं नाही. मे २०२५ मध्ये व्यापार न्यायालयाने त्यांच्या आयात शुल्काविरुद्ध निकाल दिल्यावर त्यांनी फेडरलिस्ट सोसायटीवर आणि तिचे सूत्रधार लेनर्ड लिओ यांच्यावर जाहीर आगपाखड केली. त्यांनी आपल्याला वाईट सल्ला दिला असं म्हटलं. त्याच सुमारास त्यांनी आपल्या फौजदारी खटल्यांत बचाव करणारे वकील एमिल बोव्ह यांचं नाव तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयासाठी पुढे केलं. न्याय खात्यातल्या अनेक माजी वकिलांनी विरोधाची पत्रं लिहिली. २९ जुलैला सिनेटने ५० विरुद्ध ४९ मतांनी मान्यता दिली. हॅमिल्टन यांना जी लाज आणि भीती अपेक्षित होती ती सिनेटमध्ये बहुमत आपलं असलं की उरत नाही, हे यातून दिसतं. २००५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच लेखकांनी आणि सिनेटरांनी अध्यक्षांना थांबवलं होतं. वीस वर्षांनी ते धैर्य इतकं आटलेलं पाहून मला चिंता वाटते.

भारतातल्या वाचकाला यात आपलं काही नाही असं वाटायला नको. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न हाताळला. इंग्लंडमध्ये नेमणूक पूर्णपणे सरकारच्या हाती, अमेरिकेत सिनेटची संमती लागते. पहिली पद्धत धोक्याची आणि दुसरीत नेमणुकांवर राजकारणाची छाया पडण्याची भीती, असं सांगून त्यांनी मधला मार्ग सुचवला. राष्ट्रपतींनी नेमावं, पण जाणकार न्यायाधीशांशी विचारविनिमय करून. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी या सूचनेला मात्र त्यांनी विरोध केला. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी माणूसच आहेत, त्यांनाही आवडीनिवडी आणि पूर्वग्रह असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणा एकाच्या शब्दावर सगळा भार टाकायला, मग तो पंतप्रधान असो की सरन्यायाधीश, बाबासाहेब तयार नव्हते.

१९७३ मध्ये केशवानंद भारती निकालाला दोन दिवस होतात न होतात तोच, त्यात सरकारच्या विरोधात गेलेल्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून अजित नाथ रे यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत याचं समर्थन केलं: न्यायाधीशाचा दृष्टिकोन काय आहे हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे. हा अमेरिकन युक्तिवाद होता, पण त्याच्या जोडीला अमेरिकेतली सिनेटची सुनावणी नव्हती. मुंबईत नानी पालखीवाला आणि मोहम्मद करीम छागला यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९७६ मध्ये आणीबाणीतही जगण्याचा हक्क शाबूत राहतो असं एकट्याने लिहिणाऱ्या हंसराज खन्नांना पुढच्या जानेवारीत डावलण्यात आलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

आणीबाणीतल्या त्याच खटल्यात खन्नांविरुद्ध बहुमताच्या बाजूने असलेले यशवंतराव चंद्रचूड १९७८ मध्ये ज्येष्ठतेनुसार सरन्यायाधीश व्हायचे होते, तेव्हा मुंबईतल्या काही वकिलांनी विरोध केला. जनता सरकारने ज्येष्ठता पाळली. दोन वर्षांनी चंद्रचूडांनी मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कळीचे भाग रद्द केले. कोण कुठे उभं राहील याचे अंदाज आपल्याकडेही असेच चुकत आले आहेत.

१९९३ पासून निवडीचा अधिकार न्यायवृंदाकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या कॉलेजियमकडे आहे. २०१४ चा न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ४ विरुद्ध १ मताने रद्द केला. सरकारच्या तावडीतून निवड सोडवली हे चांगलंच झालं, असं मी आजही मानतो. पण मायर्स यांची अर्धवट प्रश्नावली सिनेटरांनी परत पाठवली, तसं काही करणारं आपल्याकडे कुणी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी भाजपच्या माजी प्रवक्त्या असलेल्या एका वकील महिलेची शिफारस झाली आणि विरोधी पक्षांनी गदारोळ केला. राजकारणातून आलेला माणूस न्यायाधीश होऊ नये, असं मी म्हणणार नाही. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या १९५७ च्या सरकारात मंत्री होते, आणि जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालाला पूर्ण स्थगिती नाकारून सशर्त स्थगिती देणारे तेच होते. कृष्ण अय्यर निघतील की दुसरं कुणी, हे ठरवायला नागरिकाच्या हाती काहीतरी हवं. त्या वकिलांनी कोणते खटले चालवले, सत्तेच्या विरोधात कधी उभ्या राहिल्या का, न्यायवृंदाने त्यांच्या कामात काय पाहिलं, याबद्दल ठरावातून नागरिकाला काहीच कळलं नाही. ते कळलं असतं तर कदाचित त्यांच्यावरची निम्मी टीका तिथेच गळून पडली असती.

त्यानंतर महिन्याभरात न्यायवृंदाच्या सदस्य न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी सर्वोच्च न्यायालयासाठीच्या एका शिफारशीला लेखी असहमती नोंदवल्याच्या बातम्या आल्या. शिफारस चार विरुद्ध एक अशी झाली होती. संकेतस्थळावर आलेल्या ठरावात त्या असहमतीचा उल्लेख नव्हता. खटल्यात वेगळं मत देणाऱ्या न्यायाधीशाचं निकालपत्र बहुमताच्या शेजारी छापलं जातं, कायद्याचे विद्यार्थी ते वाचतात, खन्नांचं तर आजही वाचतात. न्यायाधीश निवडताना दिलेलं वेगळं मतही तसंच, कारणांसकट, त्याच दिवशी प्रसिद्ध व्हायला हवं, आणि शिफारस करणाऱ्या चौघांची कारणंही.